रात्रीच्या जेवणाला भाताचं एकच भांडं : झटपट काय काय करता येईल?

उशिरा_घरी

नमस्कार मंडळी, ऑफिसच्या दिवसांत रात्री काय करायचं हा आमच्याकडचा रोजचा प्रश्न आहे. दोघंही घरी पोचतो तेव्हा पोटात कावळे ओरडत असतात आणि पोळ्या लाटायची ताकद कुणातच उरलेली नसते, त्यामुळे गाडी भातावर येते, पण मग तोच डाळभात नाहीतर फोडणीचा भात, आणि गुरुवार येईपर्यंत सगळ्यांचे चेहरे उतरलेले असतात.

मला हवंय असं की भात हाच मुख्य पदार्थ, त्यातच भाजी आणि त्यातच प्रोटीन, म्हणजे अंडी, चिकन, कडधान्य, पनीर काहीही चालेल, आणि दारातून आत आल्यापासून पाऊण तासात ताट समोर. भांडी जितकी कमी तितकं बरं. लेक सात वर्षांची आहे, तिखट अजिबात चालत नाही आणि सगळं एकत्र कालवलेलं दिसलं की ताट सरकवते.

अडचणी दोन आहेत. एकतर भाजी घालून भात केला की खाली गिच्च आणि वर कणी राहिलेली, आणि भाजीचा पार लगदा. दुसरं म्हणजे उरलेल्या भाताचं नक्की काय करायचं, किती वेळ चालतो, यावर घरात प्रत्येकाचं मत वेगळं. अनुभवी लोकांनी प्लीज जरा डिटेलमध्ये सांगा, नुसती पदार्थांची नावं नकोत, कसं करायचं ते हवंय.

लवंग

उशिरा_घरी, तुमचा प्रश्न रेसिपीचा नाहीये, क्रमाचा आहे. एकदा क्रम हातात बसला की फ्रीजमध्ये जे असेल त्याचा भात होतो, पुस्तक उघडावं लागत नाही.

घरात शिरल्यावर चप्पल काढली की पहिलं काम, तांदूळ धुवायचा आणि भिजत घालायचा. बाकी काहीही नंतर. तुम्ही हातपाय धुता, कांदा चिरता, लेकीशी बोलता तेवढ्यात वीस मिनिटं होतात आणि तेवढं भिजणं पुरतं. भिजलेल्या दाण्याच्या आतपर्यंत पाणी गेलेलं असतं म्हणून तो बाहेरून फुटायच्या आधी आतून शिजतो, कणी राहत नाही. धुताना पाणी तीनचार वेळा बदला, कारण दाण्यांवर जी पिठूळ भुकटी असते तीच पुढे खळ होऊन भात गिच्च करते. आणि मग चाळणीत नीट निथळू द्या, नाहीतर मोजून घातलेल्या पाण्याचा हिशोब चुकतो.

आता पातेलं. जाड बुडाचं आणि घट्ट झाकणाचं, ह्यात तडजोड नको. पातळ बुडाच्या भांड्यात मध्यभागी आच जास्त लागते आणि तुम्ही म्हणता तेच होतं, खाली लागलेलं आणि वर कच्चं. तेल किंवा बटर, कांदा, लसूण, मग निथळलेला तांदूळ घालून दोन मिनिटं परता, दाणा जरा पांढुरका दिसायला लागतो आणि उलथन्याला चिकटेनासा होतो तोवर. मग उकळतं पाणी घाला, गार नाही. गार पाणी घातलं तर उकळी येईपर्यंत तांदूळ कोमट पाण्यात नुसता बसून राहतो. मीठ ह्याच वेळी, आणि पाण्याची चव बघा, सूपइतकं खारट लागलं पाहिजे, कारण नंतर वरून मीठ घातलेल्या भाताला ती चव येत नाही. लांब दाण्याचा पांढरा तांदूळ भिजवलेला असेल तर 1 वाटीला दीड वाटी पाणी, न भिजवलेला असेल तर पावणेदोन ते दोन. एक सणसणीत उकळी, मग झाकण, आच अगदी मंद, बारा मिनिटं, आणि गॅस बंद करून दहा मिनिटं झाकण न उघडता तसंच. ही शेवटची दहा मिनिटं लोक गाळतात, पण वरचं आणि खालचं पाणी भातात सारखं मुरतं ते ह्याच वेळात.

भाजीचा लगदा होतो कारण सगळी एकदम पडते. गाजर, फरसबी, बटाटा ह्या कडक भाज्या बारीक चिरून तांदळाबरोबर. फ्लॉवर, ढोबळी मिरची, ब्रोकोली शेवटच्या पाच मिनिटांत पटकन झाकण उघडून वर पसरायच्या, ढवळायच्या नाहीत, वाफेवर होतात. फ्रोझन मटार आणि मका तर गॅस बंद केल्यावर घाला, झाकणाखालच्या वाफेत होतात आणि मटाराचा हिरवा रंग राहतो. पालक पण तेव्हाच, बारीक चिरून.

आणि मश्रूम किंवा टोमॅटो घालणार असाल तर ते आधी कांद्याबरोबर परतून त्यांचं पाणी आटवा. नाहीतर तुम्ही दीड वाटी मोजून घातलंत तरी भाताला मिळतं दोन वाटी. भाजी घातलेला भात गिच्च होण्याचं हेच सगळ्यात मोठं कारण.

तीन प्रकार सांगते जे मी सारखे करते. मश्रूम, भरपूर लसूण, मिरपूड, वरून मटार आणि किसलेलं चीज, हा लहान मुलांना हमखास आवडतो. दुसरा, कांदा, जिरं, आटवलेला टोमॅटो, शिजलेले छोले (टिनचे असतील तर पाण्याखाली धुवून) आणि शेवटी लिंबू. तिसरा चिकनचा, मांडीचं बोनलेस घ्या, ब्रेस्ट कोरडं पडतं, इंचभराचे तुकडे मीठ-मिरपूड लावून आधी त्याच पातेल्यात दोन्हीकडून चांगले लालसर करा आणि बाजूला काढा, बुडाला जे तांबूस चिकटलेलं असतं त्यावरच कांदा परता, त्यातच सगळी चव आहे, मग तांदूळ, पाणी आणि चिकन परत आत. भात होईपर्यंत तुकडे आतपर्यंत शिजतात, तरी वाढण्याआधी सगळ्यात जाड तुकडा मोडून बघा, आत गुलाबी दिसता कामा नये.

वाफ

लवंगताईंचं सगळं पटलं, पण माझं मत जरा वेगळं आहे. दमून आल्यावर रोज भात शिजवायचाच कशाला? सुट्टीच्या दिवशी मोठ्या पातेल्यात साधा भात लावा आणि फ्रीझ करा. आमच्याकडे आठवडाभराची रात्रीची जेवणं ह्यावर उभी आहेत आणि मला तरी ह्याहून सोपं काही सापडलेलं नाही.

उरलेल्या भाताबद्दल तुम्ही विचारलंत ते फार महत्त्वाचं आहे म्हणून आधी तेच. कच्च्या तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते भात शिजवूनही मरत नाहीत. शिजलेला भात ओट्यावर कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात, आणि त्यातलं उलट्या करवणारं विष परत गरम केल्याने जात नाही. म्हणजे सकाळचा भात दिवसभर बाहेर राहिला आणि रात्री खमंग परतला तरी तो सुरक्षित होत नाही. वास येत नाही, दिसायलाही चांगला असतो, म्हणून लोक फसतात. त्यामुळे नियम सोपा ठेवा : शिजल्यापासून तासाभरात गार करून फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी संपवायचा, गरम करायचा तो एकदाच आणि वाफा निघेपर्यंत. पटकन गार करायला मोठ्या परातीत किंवा ताटात पातळ पसरा. पातेल्यात ढीग तसाच ठेवला तर मधला भात तासन्‌तास कोमट राहतो, आणि खोल पातेलं तसंच फ्रीजमध्ये ढकललं तरी तेच.

फ्रीझ करायचं असेल तर गार झाल्याबरोबर एका वेळेचा भात झिपच्या पिशवीत भरा, हवा काढा आणि हाताने दाबून बोटभर जाडीचं सपाट पाकीट करा. सपाट पाकिटं लवकर गोठतात, लवकर सुटतात आणि फ्रीझरमध्ये एकावर एक उभी राहतात. वरती तारीख लिहा. महिनाभर चवीला उत्तम राहतो. खायच्या वेळी पाकीट मोडून तुकडे मायक्रोवेव्हच्या भांड्यात, वर चमचाभर पाणी, झाकण, दोनतीन मिनिटं, मधे एकदा हलवून, ताज्यासारखा मऊ होतो. मायक्रोवेव्ह नसेल तर पातेल्यात पाण्याचा हबका मारून झाकण ठेवून मंद आचेवर. आधी ओट्यावर सोडवत ठेवू नका, थेट गरम करा.

आणि फ्राईड राईसला तर फ्रीजमधला भातच हवा. गार झाला की त्यातला स्टार्च परत घट्ट होतो, शितं सुटी आणि कडक होतात, म्हणून कढईत मोडत नाहीत. ताजा भात घ्यायचाच असेल तर ताटात पसरून पंख्याखाली पंधरा मिनिटं, वरची ओल उडाली पाहिजे.

करताना कढई आधी चांगली तापवा. थोडं तेल, दोन अंडी फेटून ओता, कडा फुगल्या की दोनदा हलवून अर्धवट मऊ असतानाच बाहेर काढा, नंतर परत आत जाणारच आहेत. पुन्हा तेल, लसूण, पातीच्या कांद्याचा पांढरा भाग, बारीक चिरलेलं गाजर, मटार, मिनिट-दोन मिनिटं. मग भात, आणि इथे घाई नको : उलथन्याच्या पाठीने गुठळ्या दाबून मोडा, पसरा, आणि अर्धं मिनिट हात न लावता तसाच राहू द्या, शितांना खालून खरपूस लागायला लागतं आणि कानाला बारीक तडतड ऐकू येते, मग उलटा. सतत ढवळत राहिलं की ते होत नाही. सोया सॉस भातावर न ओतता कढईच्या कडेने सोडा, तापलेल्या लोखंडावर तो करपत-करपत उतरतो आणि वास एकदम खुलतो. शेवटी अंडं, पातीचा हिरवा भाग, मिरपूड. चौघांचा एकदम करू नका, दोन वेळा करा, कढई भरली की आच बसते आणि भात परतला न जाता वाफवला जातो.

भात तयार असेल तर हे सगळं चिरण्यासकट वीस मिनिटांत होतं.

केळफूल

लेकीसाठी माझ्याकडे एक उपाय आहे, माझा मुलगाही असाच होता. कालवूच नका. भात साधा, आणि बाकी सगळं भोवती वेगवेगळं मांडायचं. एका बाउलमध्ये मधे गरम भात, एका बाजूला काकडीच्या चकत्या, एका बाजूला वाफवलेले मक्याचे दाणे, एका बाजूला तव्यावर लालसर केलेले पनीरचे किंवा टोफूचे चौकोन, वर एक अर्धकच्च्या पिवळ्याचं अंडं (लहानांना पूर्ण शिजवून), थोडा सोया सॉस, भाजलेले तीळ. तेच मोठ्यांच्या बाउलमध्ये चिली ऑईल घालून. काम एकच, दोन चवी, आणि मूल स्वतः ठरवतं काय कशाबरोबर खायचं, त्यामुळे ताट सरकवायचा प्रश्नच येत नाही.

वर घालायला पाच मिनिटांत होणाऱ्या गोष्टी भरपूर आहेत. टिनमधला ट्यूना, मेयॉनीज आणि लिंबू. राजम्याचा टिन धुवून, लसणावर परतून, जरासा ठेचून. (राजमा घरी शिजवणार असाल तर रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, आधी दहा मिनिटं तरी खळखळून उकळायचाच, अर्धकच्चा राजमा पोटाला फार त्रास देतो, त्यामुळे भिजवलेला राजमा थेट तांदळाबरोबर एका पातेल्यात मंद आचेवर टाकू नका.) चिकनचा खिमा, आलं, सोया सॉस आणि चिमूटभर साखर घालून कोरडा होईपर्यंत परतला की भातावर अप्रतिम लागतो, आणि जास्त करून फ्रीझही करता येतो.

मासे खात असाल तर त्याहून सोपं. भात शिजत आला की काटे काढलेल्या माशाचे मीठ-लिंबू लावलेले तुकडे थेट भातावर ठेवायचे आणि झाकण. मंद आचेवर सातआठ मिनिटं आणि वर ती दहा मिनिटांची विश्रांती. मासा पापुद्रे सुटण्याइतका शिजतो, त्याचा रस भातात उतरतो, वेगळं भांडं नाही.

उशिरा_घरी

बापरे, किती छान सांगितलंत सगळ्यांनी! शिळ्या भाताचं वाचून जरा हादरलेच, आजपासून परात बाहेर. वाफ, सपाट पाकिटांची कल्पना फार आवडली.

अजून थोडं विचारू का. एक, घरात ब्राऊन राईसची मोठी पिशवी पडून आहे, त्याला वेळ फार लागतो, त्याचं काय करावं? दोन, पाहुणे असले की तांदूळ दुप्पट घेते तेव्हा पाणीही दुप्पट घेते आणि भात हमखास मऊ होतो, असं का? तीन, अख्खा मसूर आणि तांदूळ एकत्र करता येतो का, कारण मसूर आमच्याकडे सगळ्यांना आवडतो. आणि इलेक्ट्रिक राईस कुकर घ्यावा का?

पाणी_मोजून

दुप्पट पाण्याचं मी सांगतो, हा माझा आवडता विषय आहे. तांदूळ स्वतः जे पाणी पितो ते साधारण त्याच्याइतकंच असतं, वाटीभर तांदळाला वाटीभर. वरचं जे अर्धा-पाऊण वाटी आपण घालतो ते वाफ होऊन उडून जाण्यासाठी. आणि वाफ किती उडणार हे तांदळावर ठरत नाही, ते पातेल्याच्या तोंडावर, झाकण किती घट्ट आहे त्यावर आणि किती मिनिटं शिजवता त्यावर ठरतं. तांदूळ दुप्पट केला तरी पातेलं जवळपास तेच, वेळ जवळपास तोच, मग उडणारं पाणी दुप्पट का होईल? म्हणून 1 वाटीला पावणेदोन लागत असेल तर 2 वाटीला साडेतीन नाही, पावणेतीन ते तीनच. प्रेशर कुकरमध्ये वाफ फारशी बाहेरच पडत नाही म्हणून तिथे पाणी आणखी कमी लागतं. आणि कुणी ढिलं झाकण वापरत असेल तर त्याला जास्त लागणार, म्हणून एकाच रेसिपीचं पाणी दोन घरांत वेगळं पडतं. तुमच्या एका पातेल्याला आणि एका तांदळाला काय लागतं ते एकदा बघून डब्यावर चिकटवून ठेवा.

राईस कुकर घ्या, नक्की घ्या. जपानमध्ये 1955 साली तोशिबाने ऑटोमॅटिक कुकर बाजारात आणला, त्यामागचं तत्त्व साधं आहे आणि अजूनही कामाचं आहे : पाणी आहे तोवर तापमान 100 अंशांच्या वर जाऊ शकत नाही, पाणी संपलं की ते वर चढायला लागतं आणि तेवढ्यात स्विच पडतो. म्हणजे तुम्ही समोर उभं राहायची गरज नाही, तो वेळ लेकीच्या अभ्यासाला द्या. लवंगताईंचे प्रकारही त्यात होतात, फक्त कांदा आणि चिकन आधी वेगळं परतून घालायचं. साध्या मॉडेलचा कुकर पुरतो, फार बटणं असलेला लागत नाही.

ब्राऊन राईसला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागतात कारण त्याच्या वरचा कोंडा तसाच असतो आणि पाणी आत जायला वेळ लागतो. त्याच्याशी पाणी मोजत बसू नका. भरपूर पाणी खळखळून उकळा, त्यात तांदूळ सोडा, अर्ध्या तासाने दाणा चावून बघा, मऊ झाला की चाळणीत वेळून घ्या आणि निथळलेला भात परत गरम पातेल्यात झाकून दहा मिनिटं. लागण्याची भीती नाही. पण हे आल्यावर करू नका, हे वाफ म्हणतात तसं सुट्टीच्या दिवशी करून फ्रीझ करायचं काम आहे. ब्राऊन राईस फ्रीझ होऊन उलट पांढऱ्यापेक्षा चांगला टिकतो, सुटा राहतो.

मसूर-तांदूळ हा तर अस्सल रात्रीचा पदार्थ. अरब देशांत ह्याला मुजद्दरा म्हणतात आणि त्याची सगळी मजा कांद्यात आहे. अख्खा मसूर पांढऱ्या तांदळापेक्षा उशिरा शिजतो, म्हणून अर्धी वाटी मसूर धुवून आधी एकटाच पाण्यात पंधरा-वीस मिनिटं उकळा, बोटांनी दाबल्यावर दबेल पण पिठूळ होणार नाही इतपत. तोवर दुसऱ्या गॅसवर तीन मोठे कांदे उभे पातळ चिरून भरपूर तेलात मध्यम आचेवर, आधी मऊ, मग पिवळे, मग गडद तपकिरी, कडा जरा कुरकुरीत होईपर्यंत. ह्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि ती घाईने होत नाहीत. मोठ्या आचेवर कांदा बाहेरून काळा आणि आतून कच्चा राहतो. अर्धा कांदा आणि ते तेल मसुरात, जिरं-मिरपूड, एक वाटी भिजवलेला तांदूळ, पाणी तांदळाच्या हिशोबाने (मसुराचं उरलेलं पाणी त्यातच धरा, ते काळपट असतं पण चवीला छान), झाकण, मंद आच. उरलेला कांदा वर. बाजूला दही. मीठ सुरुवातीलाच घातलं तरी चालतं, पण टोमॅटो, लिंबू, चिंच असलं आंबट मसूर पूर्ण शिजल्यावरच, आंबटाने डाळी आणि कडधान्यं मऊ व्हायला फार वेळ घेतात.

मसूर डाळ घेतलीत, म्हणजे सोललेली लाल, तर ही भानगडच नाही. ती आणि भिजवलेला तांदूळ एकत्रच शिजतात, फक्त पाणी अर्धी वाटी वाढवा.

ओली_पात

इथे कोणी पातळ भाताबद्दल बोललं नाही म्हणून लिहिते. पावसाळी रात्री किंवा घरात कुणाला सर्दी-ताप असला, किंवा नुसतं खूप दमायला झालं असलं तरी ह्याच्यासारखं दुसरं काही नाही.

फ्रीझरमधला एक वाटी भात, तीन ते चार वाट्या चिकन किंवा भाज्यांचा स्टॉक, आल्याच्या दोन जाड चकत्या. उकळी आली की आच कमी करा आणि पंधरा मिनिटं, अधूनमधून डावाने तळ घासत हलवा, शितं फुटायला लागतात आणि सगळं दाटसर होतं. मग मुठभर चिरलेला पालक, सुटं केलेलं शिजलेलं चिकन किंवा टोफू. शेवटी एक अंडं फेटून बारीक धारेने ओता आणि एकाच दिशेने हळूच फिरवा, रेशमासारख्या पट्ट्या होतात. वर पात, मिरपूड, तिळाचं तेल दोन थेंब. आल्याच्या चकत्या आधी काढा, लहान मुलाच्या दाताखाली आलं तर संपलं.

कच्च्या तांदळापासून करायचा असेल तर 1 वाटीला आठ ते दहा वाट्या पाणी आणि एरवी तासभर. पण एक युक्ती आहे. तांदूळ धुवून, निथळून, ओलसर असतानाच पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका, रात्रभर. दाण्यातलं पाणी गोठून फुगतं आणि दाण्याला आतून तडे जातात, त्यामुळे तो थेट उकळत्या पाण्यात टाकला की वीस-पंचवीस मिनिटांत फुटून मऊ होतो. आमच्या फ्रीझरमध्ये अशी एखादी पिशवी कायम असते.

उशिरा_घरी

मंडळी, काल मसूर आणि तळलेल्या कांद्याचा भात केला. लेकीने कांदा बाजूला न काढता खाल्ला आणि वर अजून मागितला, हे आमच्या घरात मोठंच आहे! आज ती सपाट पाकिटंही भरून ठेवली.

शेवटची एक शंका, वाफ तुम्हीच सांगा. रात्री फ्राईड राईस केला आणि उरला तर दुसऱ्या दिवशी डब्यात देता येईल का? आणि ओव्हनमध्ये भात करता येतो का, कारण सोमवारी दोघांनाही मीटिंग असते आणि गॅसपाशी थांबता येत नाही.

वाफ

उरलेला फ्राईड राईस डब्यात नको. तो भात एकदा शिजून, गार होऊन, परत गरम झालेला आहे, आणि डब्यात तो पुन्हा चारपाच तास कोमट राहणार. लेकीच्या डब्याला भात द्यायचाच असेल तर सकाळी पाकिटातला भात वाफा येईपर्यंत गरम करून, आधी उकळतं पाणी भरून तापवलेल्या थर्मासच्या डब्यात भरा, म्हणजे दुपारपर्यंत गरमच राहील. आणि फ्राईड राईस मोजूनच करा, कच्चा 1 वाटी तांदूळ शिजून साधारण तीन वाट्या होतो, त्यावरून अंदाज बांधा.

ओव्हनचं लवंगताईंना जास्त माहीत असेल.

लवंग

हो, ओव्हनमध्ये उत्तम होतो आणि बुडाला लागत नाही, कारण आच चारी बाजूंनी सारखी लागते. ओव्हन 190 अंशांवर तापत ठेवा. पसरट काचेच्या किंवा चिनीमातीच्या भांड्यात 1 वाटी धुतलेला तांदूळ, परतलेला कांदा-लसूण, शिजलेले छोले, बारीक चिरलेलं गाजर, मीठ, चमचाभर बटर, आणि पावणेदोन वाट्या अगदी उकळतं पाणी. इथे गार पाणी घातलं तर सगळं वेळापत्रक कोसळतं. काचेचं भांडं आधी गरम पाण्याने विसळून घ्या म्हणजे एकदम तडकायची भीती नाही. वर फॉईल, कडेने घट्ट दाबून, कुठेही फट नको. पंचवीस ते तीस मिनिटं. बाहेर काढून फॉईल न उघडता दहा मिनिटं, मग काट्याने मोकळा करा, चमच्याने नाही, चमच्याने शितं मोडतात. चिकनचं करायचं असेल तर लहान तुकडे आधी लालसर करून त्याच भांड्यात पेरा, वेळ तोच. टायमर लावा आणि खुशाल मीटिंगला बसा, मीटिंग लांबली तर ओव्हन बंद करून आतच राहू द्या, अर्धा तास गरम राहतो.